फाटकावरची ओटी

त्या ॲपमधून आमच्या ह्यांना काय मिळणार होतं, याचा हिशेब मी पहिल्याच दिवशी मांडून ठेवला होता. दुपारची अखंड झोप मिळणार होती. चेअरमन खैरनारांवर मात मिळणार होती. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, बाल्कनीजवळच्या आरामखुर्चीतून न उठता सोसायटीवर राज्य करायला मिळणार होतं. सर्क्युलरमध्ये सुरक्षा, दक्षता, काळाची गरज असे शब्द होते. पण नवऱ्याचं सर्क्युलर बायको कशाला वाचेल? ती नवराच वाचते.

"शैला, आता बघच तू," हे खुर्चीत पाय पसरून म्हणाले. "आपल्याकडे कोणी आलं की गेटवर हिरामण त्याचा फोटो काढणार. तो माझ्या फोनवर येणार. हिरवं दाबलं की माणूस आत, लाल दाबलं की बाहेर. बेल वाजली म्हणून उठायला नको."

"तुम्ही कधी उठलात?"

"तत्त्वाची गोष्ट आहे."

आमचे हे, म्हणजे प्रभाकर गर्गे, पाटबंधारे खात्यात होते. आयुष्यभर कालव्याची दारं उघडली आणि मिटली. कुठल्या गावाला पाणी सुटणार आणि कुठल्याला नाही, हे ह्यांच्या शिट्टीवर ठरायचं. निवृत्त झाल्यावर हाताखाली एकही दार उरलं नाही आणि माणूस सैरभैर झाला. मग नाशिकच्या ह्या नीलपर्ण सोसायटीचे सेक्रेटरी झाले, आणि 'द्वारमित्र' नावाचं ते ॲप आणून गेटला आपोआप वर-खाली होणारा दांडा बसवून घेतला तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

ही गोष्ट त्याच उन्हाळ्यातली. त्या उन्हाळ्यात आमच्या नणंदेच्या, नलूवन्संच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. ऋजुताचं. हे तिचे सख्खे, एकुलते एक मामा. आणि वन्सं आमच्याशी कित्येक वर्षं बोलत नव्हत्या.

कारण सांगायलाही लाज वाटावी असं. सासूबाईंच्या वर्षश्राद्धाला ह्यांनी सगळ्यांना बाराची वेळ दिली होती. वन्सं तेव्हा परगावी राहायच्या, त्यांची बस घाटात अडकली. बारा वाजले, आणि ह्यांनी पानं वाढायला लावली. मी म्हटलं, अहो, थांबू या थोडं. "वेळ म्हणजे वेळ." वन्सं पोचल्या तेव्हा लोक हात धूत होते. त्या दारातूनच म्हणाल्या, "माझ्या आईच्या पानाला माझ्यासाठी थांबला नाहीस, दादा," आणि पाणीही न पिता गेल्या. त्यानंतर त्यांनी फोन केला नाही, आणि ह्यांनी तर नाहीच. दोघंही एकाच आईची मुलं, ताठ्याची वाटणी अगदी बरोबर झालेली.

पण भाचीचं लग्न ठरल्याची बातमी ह्यांच्या शकूमावशींकडून कळली आणि घरात एक मौज सुरू झाली. लग्नाचं पहिलं आमंत्रण गणपतीला, मग कुलदेवतेला आणि मग मामाला, अशी आमच्याकडची रीत. तेही घरी जाऊन, अक्षत आणि नारळ देऊन. मुलगी गौरीहराला बसते ती मामाने दिलेली पिवळी साडी नेसून, आणि तिथून तिला मंडपात आणतो तोही मामाच. म्हणजे वन्संना यावंच लागणार होतं. ह्यांनी तोंडानं काही म्हटलं नाही. एक दिवस मात्र सोसायटीच्या फायली असतात त्या कपाटात मी झाडू फिरवत होते, तर फायलींच्या मागे पिवळी साडी. जरीचे काठ, घडीत कापूर.

"हे काय?"

"काय म्हणजे? साडी."

"कोणासाठी?"

"पडून असावी घरात," हे पेपरमागून म्हणाले. "लागते कधी कधी."

दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी एक प्रश्न. "आज कोणी येऊन गेलं का?" मी मंदिरात जाऊन आले तरी तोच. भाजी आणायला गेले तरी तोच. आणि नाही म्हटलं की, "नाही ना? वाटलंच मला. ताठा कुठे जातोय."

अशातच एका रविवारी शेजारच्या सप्तरंग सोसायटीची कमिटी ते ॲप बघायला आमच्याकडे आली. आव्हाड म्हणून त्यांचे अध्यक्ष, आणखी दोघं गृहस्थ आणि एक वयस्क बाई. मी कैरीचं पन्हं केलं होतं. बाहेर ऊन असं की समोरच्या पत्र्यांकडे बघवत नव्हतं. हे खुर्चीत, पाहुणे सोफ्यावर, आणि भाषण रंगात आलेलं.

"समजा, कोणी अनोळखी माणूस गेटवर आला..."

तेवढ्यात टिंग वाजलं.

"घ्या! प्रात्यक्षिक देवानंच पाठवलं," हे म्हणाले, आणि हात लांब करून फोनचं तोंड पाहुण्यांकडे फिरवलं. "आलं का दिसायला?"

"बाई आहे," आव्हाड पुढे वाकून म्हणाले. "तोंडाला स्कार्फ गुंडाळलाय. दोन पिशव्या दिसतात हातात. वर मोठ्या अक्षरांत 'इतर' असं लिहिलंय."

"इतर म्हणजे वर्गणीवाले, उदबत्तीवाले, चटया विकणारे. एकदा आत आले की दारोदार बेल वाजवत फिरतात. आता बघा हं." ह्यांनी वरूनच अंगठा वाकवला आणि दाबला. "झालं! ना वाद, ना तोंडाला तोंड. मी खुर्चीतून उठलोसुद्धा नाही."

"वा!" आव्हाड म्हणाले.

"उन्हात उभी असेल हो ती," त्या वयस्क बाई म्हणाल्या.

"कशाला उभी राहील? आता तिच्या नावावर लाल खूण पडली. महिनाभर ती ह्या गेटमधून आत येणार नाही. आणि नुसतं इथेच नाही, ज्या ज्या सोसायटीत हे ॲप आहे तिथल्या गेटवरही ती लालच दिसणार. पोलीस चौकीलाही यादी जाते. माणूस एकदा नाकारला की सगळ्या गावाला कळतं!"

"हे मात्र बेस्ट," आव्हाड म्हणाले, आणि पन्ह्याचा दुसरा ग्लास घेतला.

त्यानंतरचे काही दिवस रोज तोच प्रश्न आणि तोच पेपर. मग एका सकाळी शकूमावशींचा फोन आला. त्यांचा आवाज असा की फोन कानापासून लांब धरावा लागतो.

"शैला, काय ऐकतेय मी? प्रभानं नलूला गेटवरून हाकललं?"

"कोणी सांगितलं?"

"सगळ्या पंचवटीत झालंय! मामाला आमंत्रण द्यायला आली होती बिचारी. वॉचमननं फोटो काढला चोरासारखा, आणि वरून निरोप आला की नाही भेटायचं. अगं, वैर असावं माणसात, पण इतकं? उन्हातून आलेल्या बहिणीला?"

मी फोन ठेवला. हे पेपर वाचत होते, पण पान उलटायचं थांबलं होतं. शकूमावशींचं बोलणं ऐकायला हातात फोन असावा लागत नाही.

"दाखवा तुमचा तो मोबाइल," मी म्हटलं.

ह्यांनी चष्मा लावला. बोट वर-खाली करत गेले. गॅसवाला, लाँड्रीवाला, पुन्हा लाँड्रीवाला, आणि मग रविवार. ह्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. स्कार्फ, गॉगल, चेहरा कुठेच नाही. पण उजवा पाय पुढे टाकून, एक हात कमरेवर ठेवून ती बाई उभी होती. सासूबाई अशाच उभ्या राहायच्या, दूधवाल्याशी भांडताना.

"नाव लिहिलंय की इथे," मी म्हटलं. 'इतर' ह्या मोठ्या शब्दाखाली मुंगीएवढ्या अक्षरांत होतं: नलिनी पाठक.

"मी बघितलंच नाही, शैला."

"फोन तुमच्याच हातात होता."

"त्यांच्याकडे होतं ना तोंड. मी त्यांना दाखवत होतो."

"हो. दाखवलंत."

त्याच दिवशी आम्ही पंचवटीत गेलो. वन्संची इमारत जुनी, तिला फाटक नाही, कुंपण नाही, जिन्याखाली एक कुत्रा असतो तो शेपटी हलवून मोकळा होतो. दार सताड उघडं. आत बायका सतरंजीवर बसून हळदकुंकवाच्या पुड्या बांधत होत्या. आम्हाला बघून सगळ्यांचे हात थांबले.

"या वहिनी," वन्सं उठल्या. मग ह्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "तुम्हीही या."

तुम्ही! जन्मात ह्यांना 'अरे दादा' सोडून दुसरी हाक मारली नव्हती त्यांनी. ह्यांनी दाराची चौकट धरली.

"नले, मी तुला बघितलंच नाही गं."

"असं कसं? फोटो काढला होता की माझा. मी म्हटलं त्या वॉचमनला, अरे माहेर आहे हे माझं, फोटो कशाला? तर म्हणे, मावशी, फोटोशिवाय मशीन पुढे जात नाही. म्हटलं, वर फोन तरी लाव, सांग नलू आलीय. तर म्हणे, गेटवरून फोन करायचा नाही असा सेक्रेटरी साहेबांचा हुकूम आहे. मग माझ्या फोनवर हे आलं." त्यांनी फोन माझ्या हातात दिला. 'आपली भेट निवासी प्र. ग. गर्गे यांनी नाकारली आहे. धन्यवाद.' "मला वाटलं, वरून बघतोय. बघून दाबलं."

"अगं, पण पाहुणे होते, मी फोन असा धरला होता..."

"ते जाऊ दे," वन्संचा आवाज खाली आला. त्यांनी बायकांकडे पाहिलं आणि आम्हाला स्वयंपाकघरात नेलं. "खरी पंचाईत पुढेच झाली, वहिनी. दोन दिवसांनी मी राजहंसांकडे गेले, ऋजुताच्या सासरी. मानपानाचं बोलायचं होतं. त्यांच्या सोसायटीतही हेच मशीन. तिथला वॉचमन एकदा स्क्रीनकडे बघतो, एकदा माझ्याकडे. म्हणाला, तुमच्यावर लाल आहे, पिशवी उघडा. विहीणबाई खाली न्यायला आलेल्या. त्यांच्यासमोर मी पिशवी उघडून दाखवली. खण, नारळ, बुंदीचे लाडू. लिफ्टमध्ये विहीणबाई म्हणतात, काही प्रकरण वगैरे असेल तर आधी सांगितलेलं बरं हो."

"मग?"

"मग काल चौकीवरून फोन. बोलायला अगदी नम्र होता हवालदार. ताई, तुम्हाला सोसायटीनं नाकारलंय असं दिसतं, काय विकता तुम्ही? मी म्हटलं, मुलगी देतेय हो, विकत नाहीये काही." वन्संनी ओठ दाबले. "आणि राजहंसांचा निरोप आलाय. आधी ती लाल भानगड मिटवा, मग पत्रिका वाटू. पत्रिका छापून पडल्यात, वहिनी."

पलीकडच्या खोलीच्या दारात ऋजुता उभी होती. तिनं मामाकडे पाहिलं आणि आत गेली.

"आत्ता काढतो," हे म्हणाले. "त्यात काय एवढं? मी दाबलं, मीच उघडतो."

पाटाचं दार असतं तर उघडलंही असतं. ह्यांनी तिथेच, वन्संच्या ओट्याशी उभं राहून, कंपनीला फोन लावला. मराठीसाठी दोन दाबा. तक्रारीसाठी चार दाबा. संगीत ऐका. आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. शेवटी एक मुलगी बोलली. गोड आवाज, एका श्वासात सगळं.

"सर, नकार तुमच्याच फोनवरून दिलेला आहे. बदल करायचा असेल तर आधी नकाराचं कारण निवडावं लागेल. अनोळखी, त्रासदायक की संशयास्पद?"

"बहीण आहे माझी!"

"तो पर्याय नाही सर."

"अहो, चुकून दाबलं!"

"तोही पर्याय नाही सर. अनोळखी टाकू?"

ह्यांनी मान खाली घातली. वन्सं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होत्या.

"टाका," हे म्हणाले. आवाज इतका बारीक की मुलीनं पुन्हा विचारलं आणि ह्यांना पुन्हा, जोरात, "अनोळखी टाका!" असं म्हणावं लागलं. बाहेरच्या पुड्या बांधणाऱ्या बायकांनीही ऐकलं.

तरी संपलं नाही. खूण काढायची तर नाकारलेल्या व्यक्तीनं स्वतः त्याच गेटवर यायचं, चेहरा उघडा ठेवून नवा फोटो द्यायचा, आणि त्याच निवाशानं तो मान्य करायचा. त्याआधी सोसायटीची मंजुरी.

"मीच सेक्रेटरी आहे!"

"स्वतःच्या अर्जाला स्वतः मंजुरी देता येत नाही सर. चेअरमनची लागेल. आणखी काही मदत करू का?"

चेअरमन म्हणजे खैरनार. ज्यांच्यावर मात करायला हे ॲप आणलं ते खैरनार. संध्याकाळी आम्ही त्यांच्या दारात उभे. त्यांनी आम्हाला बसवलं, चहा सांगितला, बायकोला मुद्दाम बाहेर बोलावलं, आणि मग अगदी सावकाश सुरुवात केली.

"नाकारलेल्या व्यक्तीबाबत शहानिशा केल्याशिवाय मंजुरी देऊ नये. नियम तुमचाच ना, गर्गे?"

"माझाच."

"मग शहानिशा करू. बाई कोण?"

"सख्खी बहीण."

"सख्खी? मग नाकारली कशाला?"

कालव्यावर दोन गावांची हाणामारी चालू असताना मध्ये उभं राहून बोलणारा हा माणूस. पण त्या प्रश्नापुढे कपातला चहा ढवळत बसला. त्यात साखर नव्हतीच, ह्यांना मधुमेह आहे. शेवटी खैरनारबाईच म्हणाल्या, "अहो, द्या ना सही. तुमची स्वतःची बहीण तरी शेवटची कधी आली होती?" खैरनारांनी मुकाट्यानं मंजुरी दिली.

राहिल्या वन्सं. त्यांना मीच फोन केला.

"त्या फाटकात मी पुन्हा पाऊल टाकणार नाही, वहिनी."

"दादासाठी नका येऊ. ऋजुतासाठी या."

"फाटकापर्यंत येईन," त्या म्हणाल्या. "पुढे नाही."

त्या तसं म्हणाल्या खऱ्या, पण माहेरवाशीण दारापर्यंत आल्यावर आत आल्याशिवाय राहते थोडीच, असं मी धरून चालले. सकाळी उठून आमरस काढला, पुऱ्यांची कणीक भिजवली, पाट मांडले, पानाभोवती रांगोळी काढली. ओटीचं ताट तयार करून ठेवलं. तांदूळ, नारळ, खण, हळकुंड, सुपारी. हे तर नाश्ता न करताच खाली गेले आणि गेटवरच्या हिरामणच्या प्लास्टिकच्या खुर्चीत फोन मांडीवर घेऊन बसले. हिरामण बिचारा उभा.

मी खाली गेले तेव्हा रिक्षा नुकतीच थांबत होती. वन्सं उतरल्या. रिक्षावाल्याला म्हणाल्या, "थांबा हं, मी लगेच आले." हातात तीच पिशवी.

"ताई, स्कार्फ काढता का जरा?" हिरामण म्हणाला.

वन्संनी स्कार्फ काढला, गॉगल काढला. केस कपाळापाशी पार पांढरे झाले होते. ह्यांनी ते पहिल्यांदाच पाहिले असणार, कारण पंचवटीत पूर्ण वेळ ह्यांची मान खाली होती. हिरामणनं फोटो काढला. मधे तो पिवळा-काळा दांडा. दांड्याच्या अलीकडे भाऊ, पलीकडे बहीण, हात लांब केला तर खांद्याला लागेल एवढं अंतर. आणि आम्ही सगळे फोन वाजायची वाट बघत उभे.

फोन वाजेना.

"रेंज जाते इथे," हिरामण म्हणाला.

हे उठले. फोन डोक्यावर धरून पार्किंगपर्यंत गेले, परत आले. पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर चढले. तेवढ्यात किराणावाला मोटरसायकलवरून आला, त्याचा फोटो निघाला, कुणीतरी वरून हिरवं दाबलं, दांडा वर गेला, तो आत गेला, दांडा खाली आला. त्याच्यामागे पाण्याचे जार घेऊन टेम्पो. तोही गेला.

"अरे दांडा वर कर!" हे टाकीवरून ओरडले. "मी इथे आहे, ती तिथे आहे, दिसत नाही का तुला?"

"दिसतंय साहेब. पण तुम्ही फोनवर हो म्हटल्याशिवाय हा वर जात नाही. तुम्हीच तसा बसवून घेतलाय."

हे टाकीवरून उतरले तेव्हा घामानं निथळत होते, शर्टाला शेवाळ लागलं होतं. वन्सं त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि मग, कशा कोण जाणे, त्यांच्या तोंडाचा एक कोपरा हलला.

"पाटाचं दार अडकलं वाटतं, दादा."

दादा! ह्यांनी काही बोलायला तोंड उघडलं आणि टिंग वाजलं.

ह्यांनी चष्मा लावला. फोन अगदी नाकाशी धरला, आणि देवाचं नाव घ्यावं तसं मोठ्यानं वाचलं. "नलिनी पाठक. इतर." वर पाहिलं. "हिरामण, इतर कशाला रे लिहिलंस?"

"घरचं माणूस असा रकानाच नाही साहेब त्यात."

ह्यांनी हिरवं दाबलं. दांडा वर गेला. मी पदर सावरून पुढे झाले. वन्सं जागच्या हलल्या नाहीत.

"लाल गेलं का?" त्यांनी हिरामणला विचारलं.

"हिरवं झालं, ताई."

"सगळीकडे?"

"सगळीकडे."

"बरं." त्यांनी पिशवीतून पत्रिका काढली, अक्षतांची पुडी काढली, नारळ काढला. फाटकाच्या रुळापाशी येऊन, पाय पलीकडेच ठेवून, सगळं ह्यांच्या हातावर ठेवलं. "मामानं वेळेवर यायचं. गौरीहराला पिवळी साडी मामाची लागते."

"वर चल ना, नले. शैलानं पानं मांडलीत."

"असू दे. माझं पान झाका. उशिरा आलेल्यांची पानं झाकून ठेवतात, दादा."

वन्सं अगदी सहज बोलल्या. आणि ठरलेले सेकंद संपल्यामुळे तो दांडा खाली आला, पुन्हा दोघांच्या मधे.

मी जिना कशी चढले मला आठवत नाही. ओटीचं ताट उचललं. दाराशी आले तर हे मागोमाग धापा टाकत वर आलेले. फायलींच्या कपाटातून त्यांनी साडी ओढून काढली, तेव्हा फायली जमिनीवर पडल्या. त्या आयुष्यात पहिल्यांदा तशाच राहू दिल्या. आम्ही खाली धावलो तेव्हा वन्सं रिक्षाकडे निघाल्या होत्या.

"वन्सं, थांबा. माहेरची लेक अशी रिकामी जात नाही."

वन्संनी पदर पुढे धरला. मी दांड्यावरून वाकून त्यांना हळदकुंकू लावलं, ओटीत तांदूळ घातले, नारळ घातला, खण घातला. मागे दोन स्कूटर येऊन थांबल्या. एकानं हॉर्न वाजवला. "ओ काकू, मधे काय चाललंय?" हिरामण त्याच्यावर खेकसला, "दिसत नाही? थांब!" डोक्यावरच्या खांबावर कॅमेऱ्याचा लाल ठिपका लुकलुकत होता. ह्यांनी पिवळी साडी स्वतःच्या हातानं ओटीवर ठेवली. तेव्हा चार तांदूळ दांड्यावर सांडले.

वन्सं दांड्यावरूनच माझ्या पाया पडायला वाकल्या, मी अर्ध्यात धरलं. "बसा आता," त्यांनी ह्यांना सांगितलं. "ऊन लागेल." आणि रिक्षात बसल्या. रिक्षा वळली आणि वन्संच्या फोनवर काय आलं असेल ते मला ठाऊक आहे, कारण ह्यांच्या फोनवरही तेच आलं. 'आपली भेट कशी वाटली? तारे द्या.'

लग्न छान झालं. हे मंडपात मुहूर्ताच्या कितीतरी आधी जाऊन बसले होते. ऋजुताला ह्यांनीच हाताला धरून आणलं, पिवळ्या साडीत. राजहंसांच्या विहीणबाईंनी साडीचे काठ हातात धरून पाहिले आणि मामांची निवड चांगली आहे, असं म्हणाल्या. लाल भानगडीचा विषय कुणी काढला नाही.

आता इतक्या वर्षांनी ताळेबंद मांडते तेव्हा दिसतं, जवळजवळ प्रत्येकाला काही ना काही मिळालं. कंपनीला सप्तरंग सोसायटी मिळाली. आव्हाडांनी त्याच आठवड्यात करार केला, प्रात्यक्षिक फार आवडलं म्हणे. वन्संचे दोन फोटो कंपनीकडेच राहिले, एक चेहरा झाकलेला आणि एक उघडा. मी मागून पाहिले, तोही पर्याय नाही म्हणाले. खैरनारांना दर वार्षिक सभेत सांगायला एक किस्सा मिळाला. मला आरामखुर्ची मिळाली. कारण फोन टिंग करून 'इतर' आलं की हे दाबत नाहीत. चष्मा शोधतात, चपला घालतात, लिफ्टची वाट न बघता जिन्यानं खाली जातात, आणि उदबत्तीवाल्याचं तोंड स्वतःच्या डोळ्यांनी बघून येतात. गुडघे पार गेलेत. डॉक्टर ओरडतात, मी ओरडते, हे ऐकत नाहीत.

भाऊबीजेला हे पंचवटीत जातात. वन्सं ओवाळतात, हसतात, अरे दादा म्हणतात, पुरणपोळीचा आग्रह करतात. सगळं पूर्वीसारखं. आमच्याकडेही येतात अधूनमधून, ऋजुताच्या डोहाळजेवणाचं आमंत्रण द्यायला आल्या, बारशाचं द्यायला आल्या. रिक्षा उभी ठेवून. हिरामण आता त्यांना ओळखतो, फोटो काढत नाही, ह्यांनी मागाहून बसवून घेतलेल्या बटणानं दांडा वर करून ठेवतो आणि म्हणतो, ताई, जा ना वर. वन्सं हसून नको म्हणतात. मग मी ओटीचं ताट घेऊन खाली जाते.

खुर्चीची किंमत ह्यांनी गुडघ्यांनी दिली, ती आम्हाला परवडली. वन्संचं माहेर मात्र त्या दिवसापासून फाटकापाशीच संपतं.